शिकाऊ फळी

चामटोलीच्या मागे डोंगराला टेकून जी वाडी आहे, तिथली सोनिया मेंगाळ पाण्यावर उभी राहायची. मोटरबोटीला लांब दोर, दोराच्या टोकाला दांडी, ती दांडी हातात आणि दोन्ही पाय एकाच फळीवर पुढेमागे अडकवलेले. त्या फळीला स्की म्हणतात. पाण्यात तरंगत ठेवलेल्या फुग्यांना एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने वळसे घालत जायचं, त्याला स्लालम म्हणतात. वाडीत हे शब्द कोणाच्या तोंडात बसले नाहीत. तिथे बापाच्या नावाने म्हणायचे, चांगोची पोर फळीवर चालते.

ते तळंही मुळात तळं नव्हतं. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढून काढून लांबलचक खड्डा झाला आणि पावसाने तो भरून टाकला. जमीन कैलासशेठची. कैलासशेठ चामटोलीचाच, घरी भातशेती. थोडी जमीन बिल्डरला देऊन त्याने उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचा कारखाना टाकला, आणि तो चालला तेव्हा तळ्याच्या काठाला रिसॉर्ट बांधलं. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं ते एखाद्या वाईट माणसाने केलं असतं, तर सोनियाला निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

कैलासशेठला स्वतःचं मूल नाही. कात्रपला राहणारी बहीण लवकर विधवा झाली, तेव्हापासून तिच्या मुलीचं, जिज्ञासाचं, सगळं त्यानेच केलं. जिज्ञासाने कुठेतरी व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, मामा, मला हे शिकायचंय. मामाने बोट घेतली. अंबरनाथचा दिपेश म्हणून एक पोहण्याचा मास्तर होता, गोव्याला वॉटर स्पोर्ट्समध्ये काही वर्षं काढून आलेला. त्याला ठेवला. दिपेशने गोव्याहून कोणाची तरी वापरलेली एक स्की आणली. रुंद, बोथट तोंडाची, रंग उडालेली. तिच्यावर शिकायचं असं ठरलं.

बोट चालवणाऱ्याला मागे बघता येत नाही. म्हणून बोटीत मागे तोंड करून एक माणूस बसवावा लागतो, स्की करणारा पडला की ओरडायला. सोनिया तेव्हा आईबरोबर, जिवलीबरोबर, रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात भांड्यांवर होती. पोहता येतं आणि आवाज मोठा आहे, म्हणून दिपेशने तिला बोटीत बसवली. अख्खा हिवाळा ती बोटीत उलटी बसून जिज्ञासाला पडताना बघत राहिली. मग एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा जिज्ञासाच म्हणाली, "सोनिया, तू ट्राय कर ना. मला दाखव तरी, नक्की पडताना दिसतं कसं."

सोनिया पडली नाही. म्हणजे पडली, पण तिसऱ्या खेपेपासून नाही. वर्षभरात ती त्या रंग उडालेल्या फळीवर सगळे फुगे घ्यायला लागली. फेरी संपली की दिपेश बोट थांबवून मागे बघायचा आणि गप्प व्हायचा. त्याचं गप्प होणं म्हणजेच शाबासकी असते, हे दोघी मुलींना कळलं होतं.

कैलासशेठलाही कौतुक वाटायचं. येणाऱ्या पाहुण्यांना तो सांगायचा, "आमची सोनिया. घरचीच पोर हाय." 

पुढच्या वर्षी बातमी आली की राज्याच्या संघासाठी मुली निवडायच्या आहेत आणि निवड करणारी माणसं चांगलं तळं शोधतायत. कैलासशेठने आपलं तळं देऊ केलं. जिज्ञासा त्यात उतरणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. सोनियालाही उतरवू या, असं दिपेश म्हणाला, तर त्यालाही तो लगेच हो म्हणाला. मग जिज्ञासासाठी नवी स्की घ्यायचं ठरलं.

दिपेशने त्याला समजावून सांगितलं होतं. "शेठ, स्की भारीतली नको. तिला झेपेल अशी हवी. जिज्ञासा अजून हळू बोटीवर आहे. तिला रुंद, मऊ फळी द्या, पाण्यातून चटकन वर येते, चुकलं तरी सांभाळून घेते. अरुंद, कडक फळी असते ती वेगासाठी. हळू बोटीमागे ती नुसती बुडते. आणि तिचं वजन दुकानात सांगा, लांबी त्याच्यावर ठरते."

कैलासशेठने सगळं ऐकलं. मुंबईच्या दुकानात गेला आणि म्हणाला, तुमच्याकडे सगळ्यात टॉपची कुठली?

टॉपची आली. काळीभोर, निमुळती, काठ इतके धारदार की हात फिरवताना जपून फिरवावा. काठावर नारळ फुटला, स्कीला हळदकुंकू लागलं, पेढे वाटले गेले. दिपेशने एक पेढा खाल्ला. तो तेव्हा काही बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण नारळ फुटलेल्या वस्तूला चुकीची कोण म्हणणार? 

त्या दिवसापासून जिज्ञासाचे हाल सुरू झाले. बोटीने ओढ घेतली की काळी स्की पाण्यात खाली जायची, हात खांद्यातून निखळतील असं वाटायचं. कशीबशी वर आलीच, तर पहिल्या वळणाला फळी भलतीकडेच पळायची. जे ती जुन्या स्कीवर करत होती तेही जमेना झालं. मामा काठावरून ओरडायचा, "जोर लाव! एवढी भारी वस्तू हाय!" ती रात्री तळहाताला हळद लावून झोपायची आणि स्वतःलाच नालायक म्हणायची.

सोनियाचं दुखणं उलटं होतं. दिपेश आता बोटीचा वेग वाढवत होता, आणि वेग वाढला की तिची रुंद फळी पाण्यावर थडथड उडायची. वळणात काठ रुतायचा नाही, फळी घसरत बाहेर जायची. तिला काय करायचं ते अंगात कळत होतं, पण पायाखालची वस्तू ऐकत नव्हती.

एकदा कंटाळून दोघी काठावर बसल्या होत्या. दिपेश दोर गुंडाळत होता. जिज्ञासा म्हणाली, "सर, खरं सांगा. माझंच चुकतंय ना?"

दिपेशने मामाची गाडी दिसते का ते आधी बघितलं. "तुझं काय चुकत नाय. तुझी फळी हिची आहे आणि हिची फळी तुझी."

"म्हणजे?"

"म्हणजे तेच."

जिज्ञासा उठली, काळी स्की उचलली आणि सोनियासमोर ठेवली. "घे. टेन्शन नको घेऊस, मामा कारखान्यात आहे."

दिपेशने स्क्रू सैल करून पाय अडकवायचे बूट मागेपुढे सरकवले. आधी जिज्ञासा गेली, जुन्या स्कीवर. एका झटक्यात पाण्यातून वर आली आणि बोटीमागून हसायला लागली, मोठ्याने, सगळ्या तळ्यावर ऐकू जाईल असं. मग सोनिया गेली. दिपेशने वेग वाढवला, आणखी वाढवला. काळी फळी वळणात वाकडी व्हायची आणि पाण्याची भिंत उभी राहायची, सोनियापेक्षा उंच. ती भिंत खाली पडायच्या आत पोरगी दुसऱ्या टोकाच्या फुग्याशी पोचलेली असायची. वाडीतल्या बाया लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन वरच्या पायवाटेने चालल्या होत्या. त्या मोळ्यांसकट थांबल्या.

कैलासशेठही थांबला होता. गाडी मागच्या फाटकाने आली होती.

तो चिडला नाही. सोनिया काठाला लागेपर्यंत उभा राहिला, टाळ्या वाजवल्या. मग हसत म्हणाला, "मस्त. आता दे तिची तिला."

"मामा, अरे बघितलंस ना?" जिज्ञासा म्हणाली. "आम्ही बदलून घेतो. मला जुनी चालेल."

"तुला चालेल, मला नाय चालणार. गावभर सांगून आणलीय ती तुझ्यासाठी. लोक येणार त्या दिवशी. माझी पोर जुन्या फळीवर, आणि..." त्याने वाक्य तिथेच सोडलं आणि सोनियाकडे वळला. "तुला पुढच्या वर्षी घेऊ ना, बाय. मी काय नाय म्हणतोय का?"

सोनियाने पाय सोडवले आणि फळी धुऊन, पुसून जिज्ञासाच्या हातात दिली. दिपेश बोटीचं झाकण लावण्यात गुंतला होता.

निवडीच्या दिवशी काठावर मांडव होता. निवड करायला बाहेरून दोन माणसं आली होती, एक उन्हाने रापलेल्या बाई आणि एक शिट्टीवाले गृहस्थ. जिज्ञासाचं नाव आधी पुकारलं. ती वर आली, पहिला फुगा गेला, दुसऱ्याला काळ्या फळीचं टोक पाण्यात घुसलं आणि ती तोंडावर आपटली. तशी ती रोजच पडायची. पण या वेळी एक पाय बुटातून सुटला आणि दुसरा सुटला नाही. गुडघा फिरला. तिची किंकाळी ऐकून बोटीत बसलेल्या सोनियाने इशाराही केला नाही, सरळ पाण्यात उडी मारली आणि तिला धरून काठाला आणलं.

कैलासशेठ पाण्यात कमरेपर्यंत आला होता, कपड्यांनिशी. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, ते खरं होतं.

गाडी पाहुण्यांना आणायला गेली होती, ती परत येईपर्यंत बराच वेळ गेला. तेवढ्यात शिट्टीवाले म्हणाले, इथली दुसरी मुलगी आहे ना, तिचं उरकून घेऊ. सोनिया ओल्या अंगाने रुंद फळीवर चढली. हळू वेगात तिने एकही फुगा सोडला नाही. वेग वाढला, तरी धरून ठेवलं. आणखी वाढला, आणि फळी थडथडली, घसरली, फुगा हातभर लांबून गेला. पुढचा तर दिसलाच नाही.

रापलेल्या बाई स्वतः चालत तिच्यापर्यंत आल्या. "ही शिकाऊ मुलांची स्की आहे. तुझ्याकडे दुसरी नाही?" मग दिपेशकडे वळून म्हणाल्या, "ती काळी पडलीय ना तिथे, ती द्या हिला. आम्ही उजेड असेपर्यंत आहोत. पुन्हा संधी देऊ."

काळी स्की काठावरच्या गवतात पडली होती. दिपेशने कैलासशेठकडे बघितलं. गाडीच्या मागच्या सीटवरून, पाय उशीवर ठेवलेली जिज्ञासा ओरडली, "मामा, दे तिला!"

तेव्हा सोनिया स्वतः त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने त्याच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. "दादा, येकदाच द्या. मना येतंय ते. तुमी बघलंय."

"नाय." त्याचा आवाज फाटला होता. "त्या फळीनं माझ्या पोरीचा पाय घेतला. उद्या तुझा गेला, तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू मी? आता तिला कोणी हात लावायचा नाय."

"माझा नाय जायाचा."

"मी बघतो ना तुझं सगळं. घरचीच हाईस तू." त्याने स्की उचलली, गाडीच्या डिकीत टाकली आणि गाडी फाटकाबाहेर गेली. बाईंनी खांदे पाडले, कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

जिज्ञासाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ती चालायला लागली, पुण्याला शिकायला गेली. सोनियाला मेसेज करायची, आधी रोज, मग सणावाराला. दिपेश गोव्याला परत गेला. जाताना सोनियाला म्हणाला, "मी बोलायला पाहिजे होतं." सोनिया म्हणाली, "हां." त्यापलीकडे त्याला द्यायला तिच्याकडे काही नव्हतं.

कैलासशेठने शब्द पाळला. तिचं सगळं बघितलं. गावच्या पूजेला सगळ्यांसमोर तिला शाल घातली आणि जाहीर केलं की सोनियाला कारखान्यात कायमचं काम. "खेळ चार दिवसांचा. हाताला धंदा पाहिजे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. जिवलीने पदराने डोळे पुसले. उन्हापावसात जळणाची फाटी न फोडता पोर पंख्याखाली बसणार, यापेक्षा आईला आणखी काय हवं? आणि आईचं काही चुकलं नव्हतं. तेच सोनियाला जास्त लागलं.

आता ती शेअर रिक्षाने कॅम्प तीनला जाते. जीन्सच्या पायाची लांब शिवण मारते. हात चालतो तिचा. सुपरवायझर स्वप्नालीताई म्हणते, सोनिया, तुझी लाइन बघायला नको.

गेल्या हिवाळ्यात रिसॉर्टवर कोणाचं तरी लग्न होतं. कैलासशेठने निरोप धाडला, पाहुण्यांना पाण्यावरचं काहीतरी दाखवायचंय, तासाभरासाठी ये. सोनिया नको म्हणत होती. जिवली म्हणाली, "इतका केला त्यांनी आपल्यासाठी. जा." तिला चमकीचा झगा दिला, एका हातात झेंडा दिला. रुंद फळी तशीच होती. बोटवाल्याला सांगितलं होतं, एकदम हळू, व्हिडिओ नीट यायला पाहिजे.

बोट निघाली. सोनिया वर आली. त्या वेगात काही करायचंच नव्हतं, नुसतं उभं राहायचं होतं. काठावरून शिट्ट्या आल्या. नवरदेवाचे मित्र ओरडले, "अरे भाई, एक हाथ छोड के दिखा!"

तळ्याच्या मध्यावर तिने दांडी सोडली. दोर पाण्यावरून सळसळत पुढे गेला आणि ती हळूहळू खाली बसली, कमरेपर्यंत, गळ्यापर्यंत. बोटीत मागे बघायला कोणी बसवलंच नव्हतं, त्यामुळे बोट तशीच पुढे जात राहिली. सोनियाने बूट सोडवले, झेंडा टाकला, फळी जिकडे जाईल तिकडे जाऊ दिली, आणि डोंगराच्या बाजूच्या काठाला पोहत गेली. तिथे पायऱ्या नाहीत, मुरमाची उभी कड आहे. ती चढली आणि वाडीची पायवाट धरली. मागे डीजे चालूच होता.

झग्यातून पाणी गळत ती दारात उभी राहिली, तेव्हा जिवली चुलीपुढे होती.

"ओली कशी? पडलीस?"

"हां."

"लागला?"

"नाय," सोनिया म्हणाली, आणि सकाळी कामावर जायचे कपडे दोरीवर वाळलेत का ते बघायला मागे गेली.