अमावास्येला येणारे भागोजीकाका

आमच्या वाडीत बैल आता दोनच घरांत उरलेत, पण अमावास्येला शेताला हात लावायचा नाही ही चाल अजून आहे. म्हणून भागोजीकाकांनी आपल्या दुसऱ्या कामासाठी तोच दिवस धरला. सकाळी अंघोळ करून, खिशात चष्मा आणि काखेत एक जाड वही घेऊन ते निघतात. शाळेतले दोन, वाचनालयातला एक आणि आमच्या घरचा एक असे चार कॉम्प्युटर त्या दिवशी अपडेट होतात.

वाटेवर आवडाबाई हमखास विचारते, "भूत उतरवायला चाललास काय रे भागोजी?"

"व्हय. तुझ्याकडं कॉम्प्युटर न्हाय, न्हायतर तुझं बी उतरवलं असतं."

काका माझ्या मिस्टरांचे चुलते. शिक्षण सातवी. मुंबईत एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं शिपाई होते. सकाळी कुलूप काढायचं, खुर्च्या पुसायच्या, संध्याकाळी कुलूप लावायचं. तिथं सगळ्या मशीनवर लिनक्स, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवता येणारी फुकट सिस्टिम. पोरं काय टाइप करतात ते काका पुसता पुसता बघायचे आणि घरी जाऊन वहीत उतरवायचे. ती वही मी पाहिली आहे. डाव्या बाजूला देवनागरीत "सुडो आप्ट अपडेट", आणि समोर तीच इंग्रजी अक्षरं, चित्र काढावं तशी एकेक जपून काढलेली. पुढे पुढे काही अडलं की नवे शिक्षकच त्यांना हाक मारायला लागले. रिटायर झाले तेव्हा कॉलेजने भंगारात काढलेली चार मशीन मागून घेतली आणि टेम्पोतून गावी आणली. त्यांतलंच एक आमच्याकडे, माझ्या शिवानीसाठी.

एंटर दाबण्याआधी ते आज्ञा मोठ्याने वाचतात, डावा हात मांडीवर पुसतात आणि मगच दाबतात. मी बी.ए. झालेली बाई, पण मला अजून आज्ञा लिहायच्या त्या काळ्या खिडकीची भीती वाटते.

मागच्या अमावास्येला आमचा थोडा वाद झाला होता. कर्नेल म्हणजे सिस्टिमचा गाभा. त्याच्या हुकमाने बाकी सगळं हलतं. नवा कर्नेल बसवला तरी काका जुना काढत नाहीत, हे मला त्या दिवशी कळलं. मला घरात जुनं साठवलेलं खपत नाही. म्हटलं, "काका, टाका ना काढून. उगाच जागा अडते."

"सूनबाय, तुझ्या सासूनं बियाण्याची मुडी कधी मोडली, आठवतंय?"

आठवत होतं. पेंढ्यात बांधून दोरीने आवळलेली भाताची मुडी माळ्यावर असायची. रोपवाटिकेत नवं बियाणं हिरवं दिसेपर्यंत सासूबाई तिला हात लावू देत नसत. घरातला तांदूळ संपला तरी नाही.

"ते भात हो," मी म्हटलं. "हे मशीन."

"मंग मशीन रुजत न्हाय व्हय?" असं म्हणून त्यांनी वही मिटली.

काल सर्वपित्री अमावास्या होती. शिवानीचा कॉलेजचा अहवाल संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता. खाडीतल्या कालवांवर, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांवर, आठ महिने चिखलात पाय रुतवून केलेलं काम. अहवाल लिहून तयार होता, फक्त एक नकाशा स्कॅन करून घालायचा राहिला होता, म्हणून ती सकाळी बोर्ली पंचतनला गेली होती. "पेन ड्राइव्हवर पण ठेव गं," असं मी तीन आठवडे सांगत होते. ती तीन आठवडे "हो" म्हणत होती.

काका आले तेव्हा मी वडे तळत होते. आज पाठवायचा अहवाल या मशीनमध्ये आहे हे मी त्यांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. उलट म्हटलं, "करून टाका काका. अपडेट नसलं की मशीनमध्ये काय काय शिरतं म्हणतात."

त्यांनी काम सुरू केलं. "शाळेतलं बघून येतो. ओळी पळायच्या थांबत न्हाईत तवर हात लावू नको."

ते गेले आणि दहा मिनिटांत आभाळ भरून आलं. विजेचा एक कडाका असा झाला की ताटं वाजली. वीज चमकली की आमच्याकडे आधी पिना काढतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गणराजचा टीव्ही आणि फ्रिज एकाच कडाक्यात गेले, तेव्हापासून माझे हात आपोआप बोर्डाकडे जातात. पिठाच्या हातांनीच मी टीव्हीची पिन ओढली, मिक्सरची ओढली आणि कॉम्प्युटरचीही ओढली. त्याचा यूपीएस तर केव्हाच मेलेला. ओळी पळत होत्या, हे पडदा काळा झाल्यावर आठवलं.

आभाळ थोडं पुढे सरकल्यावर मी पिन परत लावली. पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथंच थांबली. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, कर्नेल पॅनिक. मी तशीच पिठाच्या हातांनी शाळेकडे धावत सुटले.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. अहवालाचं सांगितलं तेव्हा मात्र थबकले. "हे आधी सांगायचं व्हतंस गो." चालता चालता शिवानीला फोन केला. "पोरी, रिक्षा मिळंल तशी ये."

आम्ही घरी पोचलो तर लाइट गेलेली. घड्याळात दीड. शिवानी अडीचला आली. माझ्याकडे बघितलं आणि बंद कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. तिने ओरडलेलं बरं, असं मला झालं. तीन वाजले, साडेतीन वाजले. कौलावर ठेवलेलं पितरांचं पान कावळ्यांनी केव्हाच संपवलं होतं. आम्ही कोणी जेवलो नव्हतो.

चार वाजून दहा मिनिटांनी पंखा फिरला.

काकांनी मशीन चालू केलं आणि सुरुवातीलाच एक कळ दाबून धरली. पडद्यावर यादी आली. वरचा कर्नेल नवा, अर्धवट बसलेला. त्याच्याखाली जुना. काकांनी बोट खालच्या ओळीवर ठेवलं, हात मांडीवर पुसला आणि एंटर दाबलं. डिस्क तपासल्याच्या ओळी धावल्या. मी डोळे मिटून घेतले.

"आई, बघ," शिवानी म्हणाली.

पडद्यावर तिचा नेहमीचा खाडीचा फोटो होता.

"आधी पोरीचं काम भाईर काढा," काका म्हणाले. पेन ड्राइव्ह लागला, नकाशा बसला, अहवाल चार पन्नासला गेला. मग काकांनी वही उघडली आणि अर्धवट राहिलेलं अपडेट पुरं करायला घेतलं. ओळी पळत असताना मी तिथून हलले नाही, बोर्डापासून चांगली चार हात लांब उभी होते.

"काका, माझ्यामुळे झालं हे."

"पाठोपाठ लाइट गेलीच ना? तू पिन काढली नसतीस तरी हेच झालं असतं. माझीच चूक. आभाळ न बघता बसवायला नको व्हतं." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "पन पॅनिक वाचून तू पळालीस ते बरं केलंस. मशीन तुझ्यापरास लवकर शांत झालं."

शिवानी खो खो हसली. आल्यापासून पहिल्यांदा.

नव्या कर्नेलवर मशीन नीट सुरू झालं. काका वहीत तारीख लिहीत होते. लिहिता लिहिता म्हणाले, "मंग, काढू तो जुना? जागा अडते म्हनत व्हतीस."

"राहू द्या," मी म्हटलं. "वर्षभर राहू द्या."

"वर्षभर? तुझी सासू बी येवढी चिकट नव्हती!"

मी केळीच्या पानात वडे बांधून दिले. शाळेतलं दुसरं मशीन अजून व्हायचं होतं. पुडकं वहीवर ठेवून ते पायरी उतरले, तेवढ्यात दिघीच्या बाजूला पुन्हा गडगडलं. माझी नजर बोर्डाकडे गेली.

"बंद करून मंग काढ गो!" ते मागे न बघताच ओरडले.

शिवानीने मशीन रीतसर बंद केलं. पडदा पुरता काळा होईपर्यंत मी थांबले आणि मग पिन काढली.