बेडकी आणि कावळ्याला दिलेला शब्द

माझ्या भावानं कावळ्याला फसवलं.

हात जोडलेले इमोजी टाकण्याआधी पूर्ण वाचा. दादा, तूही वाच. टॅग केलंय तुला.

आज आमच्या आबांचं, म्हणजे वडिलांचं, वर्षश्राद्ध. आमच्या कळस गावच्या चौकात दादानं भलामोठा फ्लेक्स लावलाय. त्यावर आबा, आबांपेक्षा मोठा दादा, आणि मागं लालभडक फॉरेनची स्पोर्ट्स कार.

ती गाडी आबांची नाही. नेटवरून उचललीय.
आबांची गाडी पिवळी होती. पोटच्या पोराला एवढंही आठवू नये?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आबा वालचंदनगरला टर्नर होते. त्यांच्याकडं दोन सीटची, बिनछपराची, फायबर बॉडीची स्पोर्ट्स कार होती. आपल्याच देशात बनलेली. मोजक्याच निघाल्या आणि मॉडेल बंद पडलं. मग पार्ट कुठले मिळतायत!
मिळत नव्हता तो पार्ट आबा लेथवर स्वतः करायचे. वायपर रिक्षाचा. मागचे दिवे टेम्पोचे. बॉडीला तडा गेला की त्यांचा रविवार त्यातच जायचा, आणि त्या रविवारी ते सगळ्यात खूश असायचे.

गावानं तिचं नाव ठेवलं होतं बेडकी.

"आबा, दोन शिटांत घर बसतंय व्हय?"
"घर घरात बसतंय की. गाडीत मी बसतो."

ती इतकी बुटकी की दोघं बसली की स्पीडब्रेकरवर पोट घासायचं. त्यामुळे स्पीडब्रेकर दिसला की आबा म्हणायचे, "उतर."
मी उतरायचे, चालत पलीकडं जायचे, पुन्हा बसायचे. कळसहून बारामतीला कॉलेजला जाताना हे किती वेळा व्हायचं ते विचारू नका. इंदापूर तालुक्यात रस्ता कमी आणि स्पीडब्रेकर जास्त.

कॉलेजच्या अलीकडच्या चौकात मात्र मी स्वतःहून उतरायचे.

"आबा, हितंच सोडा."
"का गं? हितं कुठं स्पीडब्रेकर हाय?"

मला लाज वाटायची. पोरी हसायच्या. आबांना ते कळत होतं, तरी एका शब्दानं बोलले नाहीत. हा राग माझा माझ्यावर आहे. तोही आज लिहून टाकते.

आता कावळ्याचं.

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला. कावळा शिवेना. समोर झाडावर चांगले चार-पाच बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ.
चुलते नाना म्हणाले, "कायतरी राहिलंय त्याचं. बोला रं कुणीतरी."
कुणी म्हणालं, आईला जपू. कुणी म्हणालं, नातवाला शिकवू. कावळे ढिम्म.
मग दादा पुढं झाला. सगळ्या भावकीसमोर हात जोडले.
"आबा, बेडकी कुठं जायची न्हाय. दारातच ऱ्हाईल."

त्याचं बोलणं संपायच्या आत कावळा पिंडावर.
सगळे रडले. मीही. दादाच्या गळ्यात पडून रडले, याचा आता संताप येतो.

महिना झाला नाही तोवर बेडकी हायवेवरच्या एका मिसळ हॉटेलच्या दारात. सेल्फी पॉइंट! ट्रॅक्टरला बांधून ओढत नेली. दोन्ही सीटवर झेंडूच्या कुंड्या. पुढं पाटी, 'सौजन्य', आणि खाली दादाचं नाव, फोटोसकट. ग्रामपंचायतीची तयारी चाललीय ना.

मी विचारलं तर दादा म्हणाला, "मने, इंजान गेलंय तिचं. शेडात गंजण्यापरीस लोकं बघत्याल तरी."

फायबर गंजत नाही रे शहाण्या.

आणि इंजिनही गेलेलं नव्हतं. आबांनी स्टेअरिंगखाली घरातल्या लाइटचं बटण बसवलं होतं. ते दाबल्याशिवाय सेल्फ लागायचा नाही. गाडी शिकवताना ते फक्त मला दाखवलं होतं. मी तोंड उघडलं नाही, कारण चालू झाली असती तर दादानं विकूनच टाकली असती.

आज सकाळी घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला होता. मी एमआयडीसीतल्या ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन, नवी बॅटरी आणि पेट्रोलचा कॅन घेऊन, हॉटेलवर गेले.

मालक म्हणाला, "ताई, दादांनी दिलीया ती."
"दादाची कवा होती? आरसीवर अजून आबांचंच नाव हाय. वारस मी बी हाय, आन् माजी सही कुणी घेतल्याली न्हाय."

कुंड्या उतरवल्या. पाटी उपटून मालकाच्या हातात दिली. मेकॅनिकनं दोन तास खटपट केली. मग मी बटण दाबलं. बेडकी दोनदा खोकली आणि लागली.

पहिल्या स्पीडब्रेकरला सवयीनं दाराकडं हात गेला. पण आज मी चालवत होते. मेकॅनिक त्याच्या बाइकवरून परत गेला होता. शेजारी कुणी नव्हतं, म्हणून पोट घासलं नाही. तिथं मात्र गाडी बाजूला घेऊन पोटभर रडले.

घरी पोचले तर दादा पाहुण्यांसमोर ओरडला.
"आगं, हॉटेलवाल्याला शब्द दिलाय मी!"
"आन् कावळ्याला काय दिलं हुतंस?"

नाना खाली मान घालून हसले. दादा आत गेला तो जेवायलाही बाहेर आला नाही. नको येऊ.

दरवेळी कावळ्याचं पान गच्चीवर ठेवतात. मी ते उचललं आणि बेडकीत ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवलं. छप्पर नाहीच तिला.
या वेळी कुणी हात जोडून काही कबूल केलं नाही. गाडी दारात होती.

उद्या कामावर मी बेडकीतूनच जाणार. अलीकडच्या चौकात उतरणार नाही, कंपनीच्या गेटपर्यंत नेणार.

भावपूर्ण वगैरे काय ते फ्लेक्सवर लिहिलेलं आहे.

आबा, पान वाढलंय. तुमच्या गाडीत बसून जेवा.