साहेबांच्या पानावरचं ‘काही नाही’

ऑफिसात तिला सगळे ‘थांबाबाई’ म्हणत. हे नाव साहेबांनीच पाडलेलं. इस्पितळासाठी ती वेबवरचं अ‍ॅप बांधायची आणि तिचा एकच हेका असे. रुग्णाचं पान उघडण्याआधी त्याचा सगळा डेटा येऊ द्या! तोवर पडद्यावर चाक फिरत राहिलं तरी चालेल, पण अर्धवट पान कुणाच्या नजरेस पडता कामा नये. त्यासाठी तिनं पानाच्या वाटेवर एक पहारा बसवला होता. डेटा हातात आला की वाट मोकळी, नाही तर नाही.

साहेबांना ते फिरतं चाक डोळ्यांसमोर नको असे. “लोकांना झटपट लागतं हो,” म्हणत त्यांनी तिच्या नाकावर टिच्चून पहारा काढून टाकला. ती भांडली, तेव्हा तिलाही काढून टाकलं.

आता पान झटकन उघडे. डेटा मागाहून येई आणि तोवर अ‍ॅलर्जीच्या चौकटीत ‘काही नाही’ असं आयतं उत्तर झळकत राही. ऑफिसातलं नेट पळायचं, तिथे ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण इस्पितळाच्या टोकाच्या वॉर्डात नेट रडतखडत चाले आणि नेमक्या त्याच वॉर्डात थांबाबाईची थोरली बहीण नर्स होती. एका सकाळी ताईनं पान पाहिलं, ‘काही नाही’ वाचलं आणि इंजेक्शन दिलं. रुग्णाचा चेहरा सुजला, श्वास कोंडला. दोन दिवस झुंजून तो कसाबसा वाचला.

साहेबांनी हात झटकले. “पानावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. बाईंनी वाचलं नाही, त्याला आम्ही काय करणार?” बावीस वर्षांची नोकरी चौकशीवर टांगून ताई घरी बसली. जेवता जेवता तिचा घास हातातच राही. “मी वाचलं होतं गं,” एवढंच ती म्हणे. ते ऐकून थांबाबाईच्या अंगाचा तिळपापड होई. नोकरी गेल्याचं तिला इतकं लागलं नव्हतं. ताईच्या त्या घासाचा सूड मात्र तिला हवाच होता.

चौकशीच्या दिवशी ती साक्षीला गेली आणि चौकशी करणाऱ्या, इस्पितळाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंना म्हणाली, “बैठक त्या वॉर्डातच घ्या.” साहेब गालात हसले. अ‍ॅप दाखवताना स्वतःचंच पान उघडायची त्यांना भारी हौस. याच इस्पितळात एकदा पेनिसिलिननं ते मरता मरता वाचले होते आणि तो किस्सा ते तिखटमीठ लावून सांगत. थांबाबाईनं तो निदान वीस वेळा ऐकला होता.

“बघा, कसं झटक्यात उघडतं,” म्हणत साहेबांनी स्वतःच्या नावावर बोट टेकवलं. पान उघडलं.

“अ‍ॅलर्जी काय लिहिलीय, साहेब? जरा मोठ्यानं वाचा ना,” थांबाबाई म्हणाली.

साहेब चाचरले. “काही नाही.”

“ताई, ऐकलंस? काही नाही म्हणतायत. दे यांना पेनिसिलिन.”

ताईनं पर्समधून सिरिंज काढली आणि ती पुढे झाली. साहेब खुर्चीसकट मागे सरकले. “अहो, थांबा! थांबा! डेटा यायचाय अजून!”

सात-आठ सेकंदांनी पडद्यावर लाल ओळ उमटली, ‘पेनिसिलिन देऊ नये’. डॉक्टरीणबाईंनी ती दोनदा वाचली.

“सिस्टर, उद्या सकाळच्या पाळीला या,” त्या म्हणाल्या. मग साहेबांकडे वळल्या. “तुम्ही बसा. आपलं बोलणं आता सुरू होतंय.”

घरी जाताना ताई हळूच म्हणाली, “सिरिंज रिकामीच आणली होती गं मी. मला नाही जमत तसलं.”

“माहीत होतं मला,” थांबाबाई म्हणाली. सिरिंज रिकामी होती, तेवढ्याचंच तिला वाईट वाटत होतं.