आईला कळेल ते पुस्तक

कर्णिककाका गेल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला, तेव्हा मी दुपारची जेवायला बसले होते. घास तसाच हातात राहिला... त्याला आता तीन आठवडे झाले.

काका सरकारी कचेरीत सुनावण्यांचे कागद सांभाळून निवृत्त झालेले कारकून. राहायला डोंबिवलीत. कोपरहून माझी आई त्यांच्या दारी मासे घेऊन जायची, एवढीच आमची ओळख. कोळंबी निवडून देता देता तिनं एकदा सांगून टाकलं की पोरगी वकिलीच्या एकाच पेपरात दोनदा नापास झालीय. ऐंशीच्या दशकाची अखेर होती ती. पेपर होता प्रशासकीय कायद्याचा, म्हणजे सरकारला नि नगरपालिकेला अधिकार किती आणि त्यांना अडवायचं कुठे. मी गाइड घोकून गेलेले. पेपरातल्या प्रश्नात कुणाचा तरी परवाना रद्द झाला होता आणि मला येत होत्या नुसत्या व्याख्या! बाबांनी बजावलं होतं, "या खेपेला राहिलीस तर पुरे झाली वकिली."

मी इरेला पेटले आणि ठाण्याच्या वाचनालयातून सगळ्यात जाडजूड पुस्तक उचलून आणलं. आईबरोबर ते काकांना दाखवायला गेले, तर त्यांनी ते नुसतं हातात तोललं. "अगं, हे उशाला बरंय," म्हणाले.

पुढच्या रविवारी ते पिशवीत तीन पुस्तकं घालून आमच्याकडे कोपरला आले. आई खाडीकडच्या ओट्यावर सुका जवळा निवडत होती. "मावशी, हात थांबवू नका. कळलं नाही तर फक्त सांगा," असं तिला म्हणून त्यांनी मला प्रत्येक पुस्तकातलं सुनावणीचं प्रकरण मोठ्यानं वाचायला लावलं. मला रागच आला. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईनं माझं पुस्तक निवडायचं?

पहिल्या पुस्तकाला आईनं जांभया दिल्या. दुसरं ऐकून म्हणाली, "कोनाशी भांडतंय ह्यो?" तिसऱ्याचा पुठ्ठा सुटला होता. त्यात एका माणसाचं घर कसं पाडलं आणि तो दाद मागायला कुठे गेला, हे पायरीपायरीनं सांगितलं होतं. आईचा हात थांबला.

"त्याला इचारलाच नाय? मंग घर कसा तोरला?"

काकांनी ते पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. "हे घे. ज्यानं प्रश्न पडतो ते पाठ्यपुस्तक. बाकीची वकील झालीस की वाच, भांडायला उपयोगी पडतील."

मग रोज संध्याकाळी मी वाचायचे आणि आई "मंग?" विचारून माझा जीव खायची. पण तिच्या "मंग?"ला उत्तर द्यायचं म्हणून मला तो कायदा समजत गेला. मी पास झाले, तेही काठावर नव्हे. आळीभर पेढे बाबांनीच वाटले.

दोन वर्षांनी तोच ओटा काढायला पालिकेचे एक साहेब माणसं घेऊन आले. मी कल्याणच्या कोर्टात होते. आई एकटी समोर उभी राहिली. "आधी कागद दावा. मंग आमचा म्हनना आयका. मंग ठरवा काय ता." साहेब परत गेले, रीतसर सुनावणी लागली, तीत आईची बाजू मी मांडली आणि ओटा राहिला. हे ऐकून काका ठसका लागेपर्यंत हसले. "परीक्षेला तिलाच बसवायला हवं होतं!" काकांनी माझं आयुष्य मार्गी लावलं, हे त्यांना तोंडावर सांगायचं राहूनच गेलं...

ते पुस्तक अजून आईच्या खिडकीत आहे, जवळ्याच्या वासासकट. फोन आला त्या संध्याकाळी मी कोपरला गेले. आई पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, "वाच." मी दोन पानं वाचली. तिनं एकदाही "मंग?" विचारलं नाही. शेवटी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आज कायच कलला नाय, बाय. उद्या परत वाच."