बर्फफोडीचं घराणं

त्या आठव्या भागाचं पोस्टर आजही मोबाइलवर कुठे दिसलं की मला मळमळतं. खरंच सांगते. लोकांना आवडते सिनेमे आठवले की बरं वाटतं म्हणे. मला आंबट ढेकर येतात.

अवकाशातल्या लढायांचे सिनेमे ते, एकूण आठ. पहिला मी शाळेत असताना डिचोलीतून भाड्याने आणलेल्या सीडीवर पाहिला, शेवटचा पणजीला मोठ्या पडद्यावर. गोष्ट थोडक्यात सांगते, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही. आकाशातले तारे एकेक करून विझत चाललेत. ते पुन्हा पेटवायची ताकद फक्त सात घराण्यांच्या रक्तात. आणि कुठल्याशा गोठलेल्या धूमकेतूवर एक मजूर मुलगी बर्फ फोडते. नाव नाही, गाव नाही, हातांना भेगा. आम्ही तिला बर्फफोडी म्हणायचो. सहाव्या भागाच्या शेवटी ही पोरगी नुसत्या हातांनी एक विझलेला तारा पेटवते. सातही घराणी आ वासून बघत राहतात, आणि सिनेमा संपतो.

झालं! तिथून पुढची काही वर्षं आमच्या डोक्याला तोच भुंगा. ही कोण? हिला जमलं कसं? सातव्या भागानेही उत्तर दिलं नाही.

आम्ही पाच जण होतो, कॉलेजपासूनचे. व्हॉट्सअ‍ॅपवर गट होता आणि त्यात दिवसरात्र दुसरा विषय नव्हता. पेडण्याचा एक जण मोप्याला विमानतळाच्या कामावर होता. तो जेवणाच्या सुट्टीत ट्रेलर थांबवून थांबवून बघायचा आणि फोटोवर लाल गोल काढून पाठवायचा. हिच्या बोटात अंगठी दिसते बघा! दोघी बहिणी म्हणायच्या, ती माणूसच नाही, यंत्र आहे. मी आणि माझा एक मित्र मात्र एकाच मतावर ठाम होतो. ती कोणाचीच नाही. मजुराची मुलगी, बस्स. ताकद रक्तात नसतेच, घराण्यांनी ती थाप मारलेली आहे, आणि शेवटच्या भागात तीच उघडी पडणार.

हा मित्र आमच्याच गावचा, डिचोली तालुक्यातला. देवीच्या देवळाचे जे महाजन, म्हणजे वंशपरंपरेचे मानकरी, त्यातल्या पहिल्या मानाच्या घरचा मुलगा. गटात आवाज सगळ्यात मोठा त्याचाच. “तिका घराणें दिलें जाल्यार हांव फुडें केन्नाच सिनेमा पळोवचो ना,” तिला घराणं दिलं तर सिनेमा बघणंच सोडीन, असं तो देवाच्या शपथा घेऊन सांगायचा. मला तो त्यासाठीच आवडायचा. त्या घरात जन्मून हा असं बोलतो, याचं मला कौतुक होतं. मूर्खच होते मी.

माझं म्हणाल तर बाबा दोडामार्गाकडचे. खाणीवर ट्रक चालवायला इकडे आले आणि इथलेच झाले. म्हणजे त्यांना वाटलं, झाले. मी याच गावात जन्मले, इथल्याच शाळेत शिकले, तरी देवळाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्या मला अजून विचारतात, “कोणाली गो तूं?” मी बाबांचं नाव सांगितलं की “हां हां, ते भायले,” म्हणतात. भायले म्हणजे बाहेरचे. वाईट मनाने म्हणत नाहीत, त्याचाच जास्त राग येतो. खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात ताडपत्रीखाली गेला, पण आम्ही बाहेरचे ते बाहेरचेच. तेव्हा ती बर्फफोडी माझी कोण होती हे वेगळं सांगायला नको.

तर आठवा भाग. आम्ही पाचही जण कामावर खाडे करून पणजीला गेलो. अडीच तास ठीक गेले. मग एक राणी येते, पहिल्या घराण्याची. बर्फफोडीच्या खांद्यावरचं कापड सरकतं. खांद्यावर डाग! राणी किंचाळते, रडते, मिठी मारते. पाळण्यातून पळवलेली नात म्हणे. शी! शी शी शी! इतकी वर्षं, इतके भाग, इतका पैसा ओतून शेवटी जत्रेतल्या नाटकातला खांद्यावरचा डाग? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. परतीच्या बसमध्ये मित्र तर जागेवर बसेना. कंडक्टरने तिकीट विचारलं तर त्याच्यावरच ओरडला. लिहिणाऱ्याला कणा नाही, विकला गेला, थुंकतो मी त्याच्यावर, असं त्याने डिचोली येईपर्यंत चालवलं. मीही कमी नव्हते. मी वापरलेले शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

घरी आले तर बाबा ओसरीवर. “तोंड असा कित्याक केलंस?” मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, “पिक्चर तो. कोण मेला नाय मा?” मी पाय आपटत आत गेले.

दोन दिवसांनी मित्राचा फोन आला. देवीच्या जत्रेत एका रात्रीचं नाटक गावच्या तरुण मंडळाकडे असतं. तो म्हणाला, आमीच करूया शेवट. खरा शेवट! तूं बरय, म्हणजे तू लिही. मी आनंदाने नाचायची बाकी राहिले. आमच्याकडे भांडणं कोंकणीत आणि जत्रेची नाटकं मराठीत, अशी जुनी सवय. मी मेडिकलच्या दुकानात गिऱ्हाईक नसेल तेव्हा काउंटरवर बसून पंधरा दिवसांत नाटक लिहून काढलं. राणीबिणी सगळी हाकलली. शेवटी अंधार, माचीवर, म्हणजे देवळासमोरच्या रंगमंचावर, एक मोठी समई, तोच विझलेला तारा, आणि मजुराची पोर पुढे होऊन तो पेटवते. कोणाला काही न सांगता, कोणाची नातबीत न निघता. आणि ती पोर म्हणजे मी. त्यावर कोणी हरकत घेतली नाही, उलट मित्रच म्हणाला की दुसऱ्या कोणाला ते शोभणार नाही.

मला काय हवं होतं ते स्पष्टच सांगते, लाज कसली. एकदा, फक्त एकदा, त्या माचीवर मला मधोमध उभं राहायचं होतं आणि समोर बाबा बसलेले हवे होते.

तीन रविवार दुपारी सभामंडपात तालमी झाल्या. थर्माकोलचा बर्फ फोडून फोडून माझ्या अंगभर पांढरा चुरा व्हायचा. चौथ्या रविवारी देवस्थान समितीचे अध्यक्ष आले, म्हणजे मित्राचे सख्खे काका. खुर्ची घेऊन शांतपणे शेवटचा अंक पाहिला. संपल्यावर मला जवळ बोलावलं.

“बाये, बरें करता तूं. बरोवप लेगीत बरें.” मग म्हणाले, “पूण ते माचयेर समय पेटोवपाचो मान घराचो. ती रीत आमची न्हय, देवीची.”

म्हणजे जत्रेत देवीसमोरच्या त्या माचीवर समई पेटवायची ती पहिल्या घरच्या माणसानेच. नाटक असो की भजन असो. आवाजात राग नाही, अपमान नाही, पावसापाण्याची चौकशी करावी तसं बोलले. मला आधी हसूच आलं. मला वाटलं, आता मित्र काकांना सोडत नाही. ज्या माणसाने कंडक्टरला सोडलं नाही तो काय सोडतो! मी मागे वळून मित्राकडे पाहिलं.

तो माझी वही चाळत होता.

“तुजो रोल सगळो तसोच उरता गो,” तो म्हणाला. “फकत शेवट मात्सो बदलूया.” पणजीहून त्याची चुलत बहीण जत्रेला येणारच होती. शेवटच्या प्रवेशात तिने यायचं. ती पहिल्या घराण्याची खरी वारस. बर्फफोडी तिला वाट दाखवते आणि ती समई पेटवते. दोन पानांचं काम. त्याने वहीच्या पानावर बोट ठेवून जागासुद्धा दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं हो! आपण काय म्हणतोय हे त्याच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. मी म्हटलं, “अरे, हाच तो शेवट, ज्यावर आपण थुंकलो.” तो म्हणाला, “तो सिनेमा. ही देवळाची गजाल.” आणि खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

आता इथे मी वही फाडली असं लिहिलं तर तुम्हाला बरं वाटेल. मलाही वाटेल. पण बाबांनी त्या रात्रीसाठी नवा शर्ट शिवायला टाकला होता. ट्रक थांबल्यापासून त्यांनी अंगाला नवं कापड लावलं नव्हतं. आणि माझे तीन अंक शिल्लक होते, माचीच्या मधोमध, दिव्यांच्या उजेडात. मी मनात भराभर हिशोब केला आणि पेन घेतलं.

तिथेच बसून लिहिलं, सभामंडपाच्या फरशीवर. किळस कशाची येते सांगू? ते मला चटकन सुचलं. वारसाच्या तोंडी मी असं भाषण घातलं की काका डोळे पुसायला लागले. खांद्यावरचा डाग तेवढा घातला नाही, कपाळावरचा घातला.

नाटक रंगलं. समई पेटली तेव्हा टाळ्या थांबेनात. मित्राने विंगेत येऊन माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, सिनेमापेक्षा कितीतरी बरं झालं. तो मनापासून म्हणाला. मला त्याच्या हातांची शिसारी आली, आणि माझ्याही.

सकाळी मी उठले तेव्हा बाबा चहा घेत बसले होते. रात्रीचा शर्ट अजून अंगातच होता. खूश होते. शेजाऱ्यांनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं होतं म्हणे. माझं बोलणं शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आलं, असं त्यांनी तीनदा सांगितलं. मी मान हलवत राहिले. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“एक सांग गे बाय,” म्हणाले. “ती मोठ्या घरची इली, दिवो लावल्यान, सगळे तिच्या पायां पडले. बरा. पण मगे ता बर्फ फोडणारा चेडू खय गेला?”

बर्फफोडीला मी वाट दाखवायला लावली होती, दोन पावलं मागे सरकायला लावलं होतं, आणि उजेड दुसरीवर गेला होता. ती पुढे कुठे गेली, तिचं काय झालं, हे मी लिहिलंच नव्हतं.