दादा ‘इतर’मध्ये बसेना

अमरावतीला आमच्या समाज मंडळाच्या वसतिगृहात राहून मी इंजिनियर झाले. घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं. त्यामुळे वसतिगृह सांभाळणाऱ्या बाईंचा फोन आला आणि त्या म्हणाल्या, “मंडळाचं एक काम आहे, नाही म्हणायचं नाही,” तेव्हा काम काय ते न विचारताच मी हो म्हणून टाकलं. मी तेव्हा अकोल्यात एका संगणक वर्गात शिकवत होते.

मंडळ दिवाळीनंतर उपवर मुलामुलींचा परिचय मेळावा घ्यायचं. त्याची छापील पुस्तिका निघायची आणि मुलींचे फोटो कुणाकुणाच्या घरी पडून राहायचे. बाईंना ती पुस्तिका बंद करायची होती. माहिती संगणकावर ठेवायची, ज्याला बघायची त्याने मंडळाच्या कार्यालयात येऊन बघायची. “मुलींच्या वडिलांना शब्द दिलाय मी,” त्या म्हणाल्या. “फोटो या इमारतीबाहेर जाणार नाही.”

संस्थांच्या सदस्यांची माहिती ठेवणारं एक मोफत वेब ॲप्लिकेशन मी शोधून काढलं. आता ते बसवायचं कसं, हा प्रश्न होता. सगळ्यात सोपी वाट म्हणजे एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर जागा घ्यायची आणि एक बटण दाबायचं. पण तो सर्व्हर परदेशात. बाईंचा शब्द पहिल्याच दिवशी मोडला असता. मग राहिलं आपलं स्वतःचं मशीन, आणि त्यावर दोन वाटा. एक, आयतं गाठोडं: वेब सर्व्हर, डेटाबेस, ॲप्लिकेशन सगळं एकत्र बांधलेलं, ‘पुढे, पुढे’ करत गेलं की झालं. दुसरी, एकेक वस्तू वेगळी आणून हाताने जुळवायची आणि ॲप्लिकेशनचा कोड उघडून आपल्याला हवा तसा करायचा.

मंडळासाठी ज्यांच्याकडून मशीन घेतलं ते अकोल्याचे दुकानदार भाईजान हसून म्हणाले, “मॅडम, डबा आयता भेटून राहिला तं चूल काहून पेटवता? पोस्टात जाऊन तिकीट चाटनारे लोक हाय तुमचे. त्याइले बटनच पुरते.”

मलाही ते पटलं होतं. गाठोड्यात एकच अडचण होती. नवी आवृत्ती आली की पूर्ण गाठोडं बदलायचं, आणि आत आपण काही फिरवलं असेल तर तेही त्याबरोबर जायचं. पण फिरवायचं काय होतं?

ते घरी गेल्यावर कळलं. आमचं गाव वरूडच्या बाजूला, घरची संत्र्याची बाग. दादा ती बघायचा. त्या वर्षांत वर्तमानपत्रात वऱ्हाडाच्या शेतीबद्दल जे छापून यायचं ते मुलीकडचे नीट वाचून यायचे. स्थळं यायची, पोहे खायची, बागेची तारीफ करायची, जाताना पिशवीभर संत्री न्यायची. मग निरोप यायचा, मुलीला नोकरीवाला पाहिजे. दादाचं वय वाढत होतं आणि संत्री वाटण्याचा त्याचा उत्साह कमी होत होता.

सरावासाठी मी घरच्या संगणकावर गाठोडं बसवलं. चहा निवायच्या आत झालं. मराठी अक्षरं नीट उमटतात का बघायला एक खरी नोंद हवी होती, म्हणून दादाची भरली. नाव, शिक्षण, उंची. व्यवसायाशी आले तर तयार यादी उघडली: नोकरी, धंदा, विद्यार्थी, निवृत्त, इतर.

“काय टाकलं वं?” दादाने मागून विचारलं.

“इतर.”

“इतर म्हंजे कोन?”

“जो कुठंच बसत नाही तो.”

“मंग बराबर हाय.”

स्वयंपाकघरातून माय म्हणाली, “त्याच्याहून निवृत्त लिव. पेन्शनवाला समजून तरी कोनी येईन.”

आम्ही तिघंही हसलो. तेवढ्यात लाइट गेली. “मोटर पाहून येतो,” म्हणून दादा उठून गेला. लाइट नसताना मोटरीत बघण्यासारखं काही नसतं. त्या संध्याकाळी ठरलं, आपण चूलच पेटवायची.

मंडळाच्या बैठकीत मी सांगितलं, हाताने बसवते, वेळ लागेल, पण यादीत शेती येईल. खजिनदार काका वकील होते, त्यांनी लगेच बोट ठेवलं. “बेटा, तू चाळणी देऊन राहिली त्यांच्या हातात. आज शेतकरी ‘इतर’मध्ये लपतो तरी. उद्या लोक शेती शब्दावर टिचकी मारतील आणि सगळे एकदम बाजूला काढतील.”

 रात्री दादाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, “काढू दे नं. पोहे खाऊन नाही म्हनते, त्याच्याहून न येता नाही म्हनू दे. मायचे पोहे तं वाचतीन.” मग म्हणाला, “मले इतर नको करू.”

त्यानंतरचे माझे रविवार अकोला-अमरावती बसमध्ये गेले. कार्यालयातलं मशीन इन्व्हर्टरवर ठेवून मी एकेक भाग जुळवला. डेटाबेस एकदा मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं करून बसला, एकदा रुसून बंदच पडला. पण कोड माझ्या हातात होता. यादीत शेती आली, सोबत बाग, विहीर, जोडधंदा हे रकानेही. आणखी एक गोष्ट सापडली. ॲप्लिकेशन माणसं दाखवताना व्यवसायाच्या यादीप्रमाणे दाखवायचं, म्हणजे नोकरीवाले सगळ्यात आधी. आमच्या मेळाव्याचीही तीच रीत होती. मंचावर आधी सरकारी नोकरीवाले, मग खासगी, आणि शेतीवाली मुलं जेवणानंतर, जेव्हा मुलींचे वडील गाडीची वेळ बघत निघालेले असत. मी तो क्रम काढून टाकला. ज्याची नोंद आधी, तो आधी.

बाईंना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा वर केला. “हाच क्रम मंचावर घेऊ. दरवर्षीचं भांडण मिटेल.” काका पुटपुटले, पण संगणकाने दिलेला क्रम म्हटल्यावर त्यांचाही इलाज चालेना.

मेळाव्याच्या सकाळी सभागृह गच्च भरलं होतं. बाईंनी छापलेला कागद हातात घेतला आणि पहिलं नाव पुकारलं. दादाचं. सरावाची नोंद मी घरून उचलून, फक्त ‘इतर’च्या जागी शेती करून, नव्या मशीनवर आणली होती आणि नंतरच्या सगळ्या नोंदी तिच्यामागे लागल्या होत्या. माझ्या ते त्या क्षणापर्यंत लक्षात आलं नव्हतं. जेवणानंतर आपली पाळी या हिशेबाने दादा बाहेर चहा पीत उभा होता. तो मिशी पुसत मंचावर आला.

माईक त्याने जरा लांबच धरला. नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग म्हणाला, “मी शेती करतो. संत्र्याची बाग हाय. विहिरीले पानी हाय. लाइट आली तं ते झाडाईलेबी भेटते.”

सभागृह हसलं. पण हसताना सगळे त्याच्याकडेच बघत होते, गाडीच्या वेळेकडे कुणी नाही.

जेवणाच्या पंगतीत परतवाड्याकडचे एक गृहस्थ दादाजवळ येऊन बसले आणि विहीर किती खोल आहे ते विचारू लागले. पुढच्या आठवड्यात ते बाग बघायला आले, सोबत मुलगीही आली. मायने पोहे केले. मुलीने ठिबकच्या नळ्या कुठून आणल्या ते विचारलं आणि एका झाडाची पानं उलटी करून पाहिली. दादाने पिशवीभर संत्री दिली, यावेळी स्वतः निवडून.

निरोप यायला वेळ लागला नाही. वहिनी आजही सांगते, मेळाव्यात मागच्या रांगेत तिला मंचावरचं काहीच ऐकू आलं नव्हतं, कारण या माणसाला माईक धरता येत नाही. “विहीर बाबांनी पाह्यली,” ती म्हणते. “मी झाडं पाह्यली.”