हळू आवाजातली सभा

आमच्या वहिनीला हसवायचं असेल तर आधी तिला खाली बसवावं लागतं. उभी असताना खरंखुरं हसू आलं की तिचे गुडघे विरघळतात. मान कलते, हातातलं सुटतं आणि ती सावकाश जमिनीवर उतरते. शुद्ध जात नाही. सगळं ऐकू येत असतं, पण बोटसुद्धा हलवता येत नाही. थोड्याच वेळात उठून बसते आणि उरलेलं हसू हसून घेते. माझा दादा बस चालवतो, आणि स्वभावाने मुलखाचा मस्करीखोर. लग्न होऊन ती घरात आली आणि पहिल्याच आठवड्यात त्याने आईच्या काचेच्या बरण्यांचं वाटोळं केलं, तेही बरण्यांना हात न लावता. तेव्हापासून घरात नियमच झाला: विनोद करण्याआधी वहिनीच्या हातात काय आहे ते बघायचं.

पण ते हसणं म्हणजे तिच्या आजाराचं शेपूट. खरा आजार झोपेचा. तुम्हाआम्हाला झोप येते. वहिनीला झोप न्यायला येते. भाजी निवडताना, रांगेत उभी असताना, कुणी मनातलं काही सांगत असताना ती समोर असते आणि पुढच्या क्षणी नसते. परत येते तेव्हाही एकटी येत नाही. स्वप्न तिच्यामागोमाग खोलीत येतं आणि थोडा वेळ रेंगाळतं. एकदा मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी अंग चोरून उभी.

"काय झालं गं वहिनी?"

"मध्ये घोडा उभा आहे. जाईल आत्ता. तू जरा कडेने ये."

मी कडेने गेले. आपलं काय जातंय! शिवाय खरं सांगायचं तर तिच्याबरोबर राहून मलाही आमचं ते दोन खोल्यांचं घर मोठं वाटायला लागलं होतं. दिवाणाखाली कधी शेत असायचं, मोरीच्या दारातून कधी बोटीचा भोंगा ऐकू यायचा. ती हे सगळं दूधवाला येऊन गेला हे सांगावं तशा आवाजात सांगायची.

ती एका मोठ्या शिलाई कारखान्यात रफू करायची. कापडाला भोक पडलं, विणताना धागा तुटला की त्याच कापडाच्या कडेचा धागा ओढून काढायचा आणि एक वर, एक खाली करत भोक असं बुजवायचं की कपड्यालाही आठवू नये. वहिनीचा हात या कामात इतका बसलेला, की डोळा लागला तरी हात थोडा वेळ चालतच राहायचा. मग टाके हळूहळू रेघ सोडून वळणं घेत निघायचे आणि कापडाच्या मध्येच कुठेतरी थांबायचे. शेजारची बाई कोपराने ढोसायची, वहिनी जागी व्हायची, तेवढे टाके उसवायची आणि पुन्हा कामाला लागायची. संध्याकाळी बाकीच्या उठल्या की ही मागे थांबून राहिलेलं पुरं करायची. वर्षानुवर्षं असं बिनबोभाट चाललं होतं.

मग नवा मॅनेजर आला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला झोपलेलं माणूस दिसलं की चोरी पकडल्यासारखं व्हायचं. वहिनीने डॉक्टरचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे जाग्या असता तेव्हा तुम्ही ठणठणीत असता. मग आजारी कशा?" पुढच्या खेपेला तिचा डोळा लागला तेव्हा त्याने तिला उठवलं, ते कायमचं घरी पाठवायलाच.

दादाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो तिला घेऊन कायदेशीर सल्ला देणाऱ्या कचेरीत गेला. तिथल्या वकीलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाल्या, समानतेच्या कायद्यात जे अपंगत्व कायमचं आहे तेच धरलंय. न दिसणारा डोळा, न चालणारा पाय. तुमचं येतं आणि जातं.

वहिनी घरी येऊन दिवाणावर बसली. "गंमत बघ," ती मला म्हणाली, "मॅनेजरला मी फार आजारी, आणि कायद्याला फार बरी." तिला हसू आलं नाही. ती बसलीच होती, तरी मला वाटलं, हसली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती घरीच आल्यागेल्याचे कपडे रफू करायला लागली. कामाला तोटा नव्हता, पण ती मिटत चालली. कारखान्यात असताना झोपेतून उठली की चार जणी असायच्या, कुणीतरी विचारायचं, आज कुठे जाऊन आलीस? घरात उठली की भिंत.

एके दिवशी दादा कामावरून आला तो दारातूनच ओरडत. समानतेचा कायदा सुधारायचाय, त्यासाठी समिती नेमलीय, आणि ती गावोगाव सभा घेऊन लोकांचं म्हणणं ऐकतेय, असं पत्रक त्याच्याच बसमध्ये लावलं होतं. दिवसभर ते त्याच्या पाठीमागे होतं आणि याला शेवटच्या थांब्यावर गाडी झाडताना दिसलं. सभा आमच्याच भागातल्या वाचनालयात होती.

"मी नाही जायची," वहिनी म्हणाली. "दुपारची सभा. मी तिथे झोपणार."

"झोपलीस तर झोप," मी म्हटलं. "निदान खोटं बोलतेय असं तरी कुणी म्हणणार नाही."

दादाला रजा मिळेना, म्हणून तिच्यासोबत मी गेले. मी चष्म्याच्या दुकानात असते. मालकाला 'मला डोळे आलेत' असं सांगून निघाले. चष्म्याच्या दुकानात डोळे आलेलं माणूस कुणालाच नको असतं.

वाचनालयाच्या मोठ्या दालनात कपाटं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. उंच खिडक्यांतून ऊन तिरपं आत येत होतं आणि त्यात पुस्तकांची धूळ तरंगत होती. समोर टेबलामागे तिघं. मध्ये एक पिकल्या केसांच्या निवृत्त न्यायाधीशबाई, एका बाजूला जाड भिंगाचे साहेब, दुसऱ्या बाजूला भराभर टिपून घेणारी एक मुलगी. जिना चढायला वेळ लागणाऱ्या एका गृहस्थांसाठी सगळे थांबले. टपाल कचेरीतली एक गरोदर बाई बोलून गेली. अडखळत बोलणाऱ्या एका शिक्षकाला बाईंनी हवा तेवढा वेळ दिला. मग गोदामात काम केलेला एक साठीकडे झुकलेला माणूस उठला आणि असा ओरडायला लागला की खिडकीतली कबुतरं उडाली. जाड भिंगाचे साहेब पेन ठेवून छताकडे बघायला लागले. बाईंनी त्याला थोडा वेळ बसून पुन्हा यायला सांगितलं. तो धुसफुसत आमच्या पुढच्या रांगेत येऊन बसला.

वहिनी सारखी हाताला चिमटे घेत होती. मी तिला पेपरमिंट दिलं. ती उठून खिडकीशी जाऊन आली. ऊन, धूळ, पंख्याची घरघर, आणि त्यात कलम, पोटकलम, दुरुस्ती! जागं राहायला मलाच जड जात होतं. आणि तिचा पुकारा व्हायला आणि तिची मान माझ्या खांद्यावर यायला एकच गाठ पडली.

पुन्हा पुकारा झाला. मी बसूनच हात वर केला.

"झोपलीय," मी म्हटलं.

मागून कुणीतरी म्हणालं, "हिला आधी सरकारी खात्यात घ्या!" आणि सगळी सभा हसली. खोटं कशाला बोलू, मलाही हसू आलं.

"मग पुढचं नाव घेऊ," जाड भिंगाचे साहेब म्हणाले.

"साहेब, हेच तर तिला सांगायचंय," मी म्हटलं. "पुढचं नाव घेतात. दर वेळी."

हसणं विरलं. न्यायाधीशबाई उठून टेबलाला वळसा घालून आमच्या रांगेपर्यंत आल्या आणि वहिनीकडे बघत राहिल्या. वहिनीचं तोंड थोडं उघडं होतं. बोटं मांडीवर हलत होती, एक वर, एक खाली.

"उठवलं तर?"

"उठेल. पण अर्धीच येईल. आपणहून उठली की पुरी येते."

"किती वेळ लागतो?"

"कधी पटकन, कधी बराच. तिलाही माहीत नसतं."

बाई लोकांकडे वळल्या. "मघाशी जिना चढायला वेळ लागणाऱ्या गृहस्थांसाठी आपण थांबलो होतो," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "यांच्यासाठीही थांबू. तोवर बाकीच्यांनी बोलावं. फक्त हळू."

आणि मग जे झालं ते मी आजवर कुठल्या सभेत पाहिलेलं नाही. माइक बंद केला. बोलणारे टेबलाजवळ जाऊन हळू आवाजात बोलायला लागले, आणि ऐकू यावं म्हणून लोक खुर्च्या उचलून, आवाज न करता, पुढे सरकले. थोड्या वेळाने आमच्याभोवती एक कोंडाळंच झालं, मधोमध वहिनी झोपलेली. पाळण्याजवळ बोलावं तसे लोक कायद्याबद्दल बोलत होते. कुणी मध्येच तोडत नव्हतं. कुजबुजीत भांडता येत नाही. ऊन एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीत गेलं. पंखासुद्धा कुणीतरी मंद केला.

तो गोदामवाला पुन्हा उठला. तोंड उघडलं, वहिनीकडे बघितलं, आणि आवाज आवरला. "मला ओरडून बोलायची सवय आहे," तो म्हणाला. "हळू बोललं की रडू येतं." मग त्याने सांगितलं. वय झालं म्हणून काढलं. रोज दाढी करून, केस काळे करून तो दारोदार जातो, आणि लोक त्याच्या सुरकुतलेल्या हातांकडे बघतात. हात काळे करता येत नाहीत. जाड भिंगाच्या साहेबांनी पेन उचललं. पुढे वाकून ते म्हणाले, "परत सांगा. सावकाश."

वहिनी जागी झाली ती याच सुमाराला. डोळे उघडून तिने खाली बघितलं, कपडे घोट्यावर उचलून धरले आणि जपून पावलं टाकत टेबलाकडे निघाली. लोक वाट देत मागे सरकले. मुलीने माइक चालू केला.

"माफ करा," वहिनी म्हणाली. "मला इथे आत्ता पाणी दिसतंय. घोट्याएवढं. ते नाही, हे मला कळतं. ओसरेल. तोवर बोलते."

ती बोलली. तिने कारखान्याचं सांगितलं, रफूचं सांगितलं, वळणं घेत जाणारे टाके आणि ते उसवणं सांगितलं. घोड्याचंही सांगितलं. मला वाटलं, आता हिला वेडी ठरवतात की काय. पण त्या मुलीने घोडाही टिपून घेतला. मी जमिनीकडे बघितलं. तिरप्या उन्हात फरशी खरंच पाण्यासारखी हलत होती, आणि एक आजोबा चक्क पाय वर घेऊन बसले होते.

"तुम्हाला नेमकं काय हवंय?" जाड भिंगाच्या साहेबांनी विचारलं. "कामावर झोपायची परवानगी?"

"परवानगी नको, साहेब. झोप मला विचारून येत नाही, तुम्हाला कुठून विचारेल? मला उठल्यावर परत कामाला बसू द्या. एवढंच मागते."

तेवढ्यात दार उघडलं. दादा फेरी संपवून धावतपळत आला होता. गणवेशाची बटणं वरखाली लागलेली, आणि सभेला जायचं म्हणून केसांना इतकं पाणी लावलेलं की ते कपाळावरून टिपकत होतं. वहिनीने त्याला बघितलं. मला कळलं आता काय होणार, पण मधे माणसं होती. तिचे गुडघे गेले. माइकच्या दांड्याला धरून, दांडा सोबत घेऊन, ती हळूहळू फरशीवर उतरली.

लोक घाबरून उठले. "काही नाही, काही नाही," दादा दारातून म्हणाला. "मला बघून हसली." आणि तो तिच्याजवळ जाऊन खाली बसला, बसथांब्यावर बसावं तसा. हसायची कुणाची छाती होईना. मग तिच्या अंगात जीव आला आणि तोंडाजवळ पडलेल्या माइकमधून तिचा आवाज आला.

"हसा आता. मी आधीच पडलेय."

सगळ्यांत आधी न्यायाधीशबाई हसल्या. मग जे काही झालं त्याला सभा म्हणता येणार नाही.

कायदा व्हायला वेळ लागला. अधूनमधून बातम्या यायच्या, मसुदा अडकला, मसुदा सुटला. शेवटी झाला तेव्हा 'येणारे-जाणारे आजार' हे शब्द त्यात होते, पण पुढे 'शक्य असेल तेथवर' अशी शेपटी लावलेली होती. वकीलबाई म्हणाल्या, त्या शेपटीत बरंच काही अडकेल, 'शक्य नाही' म्हणायला मालक मोकळे. दादा चिडला. वहिनी म्हणाली, "दार किलकिलं झालंय ना? मी बारीक आहे."

जुन्या कारखान्याने तिला घेतलं नाही. ती आणखी दोन-तीन ठिकाणी जाऊन आली. तिथेही तीच शेपटी पुढे झाली. मग एका हॉटेलच्या चादरी-पडद्यांच्या खोलीत रफूचं काम निघालं. तिथल्या प्रमुख बाईंनी कलम वाचलं, मग पुन्हा वाचलं, आणि कपाटांच्या मधल्या बोळात एक गादी टाकून दिली.

त्याला आता बरेच दिवस झाले. परवा मी तिला घ्यायला गेले तर ती तावातावाने बाहेर आली. चहा पांचट असतो, प्रमुख बाई आपल्या लाडक्यांना खिडकीजवळची जागा देते, आणि नवी आलेली मुलगी टाके लांब घालते, वर उलट बोलते. रस्ताभर तिचं हेच चाललं होतं. कोपऱ्यावर मी म्हटलं, "इतका वैताग असेल तर सोड ना नोकरी."

"वेडी की काय!" वहिनी म्हणाली. "उद्या त्या मुलीला मी चांगली सुनावणार आहे."